'हॅलोविन'ची २०१३ची ब्लू-रे: रात्र परत मिळाली, माहितीपट हरवला

जॉन कार्पेंटरचा 'हॅलोविन' (१९७८), मुखवटाधारी खुन्याचा भयपट, इतक्या वेळा डिस्कवर आलाय की नेमकी कुठली घ्यावी, असा प्रश्न पडतोच. सिनेमा बनला कसा यात रस असेल, तर पस्तिसाव्या वर्षानिमित्त निघालेली अँकर बे कंपनीची ब्लू-रे घ्या. छायालेखक डीन कंडी यांनी स्वतः रंग तपासून दिलेली ही प्रत आहे.

रंगाला इतकं महत्त्व का? गोष्ट इलिनॉयमधल्या ऑक्टोबरची, शूटिंग मात्र कॅलिफोर्नियातल्या साउथ पॅसाडीनात, तेही वसंत ऋतूत. बजेट सुमारे ३ लाख डॉलर, हातात वीसएक दिवस. मग कागदाची पानं रंगवली, रस्त्यावर पसरली, शॉट झाला की गोळा केली आणि पुढच्या ठिकाणी पुन्हा पसरली. पण झाडं हिरवीच राहिली. उरलेली पानगळ रंगातूनच आणायची होती. २००७च्या ब्लू-रेवर रात्रीची निळी झाक गेली आणि दिवस उन्हाळ्यासारखे दिसू लागले. इथे निळी रात्र परत आलीय, हिरवाही दबलाय. कडेला पामची झाडं अजून सापडतात, तेवढं चालायचंच.

शेवटाकडे नायिका लॉरी (जेमी ली कर्टिस) दाराशी टेकून रडतेय आणि मागच्या काळोखातून खुन्याचा मुखवटा हळूहळू उमटतो, तो शॉट बघा. कंडींनी तिथे छोटा दिवा लावून डिमरने सावकाश वाढवला होता. टीव्हीचा ब्राइटनेस चढवलेला असला तर मुखवटा आधीच दिसतो आणि सगळी मजा जाते. म्हणून 'व्हिव्हिड' मोड आणि मोशन स्मूदिंग (हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी टीव्हीतली सोय) बंद करा, खोलीत अंधार करा.

मुखवटा म्हणजे बाजारात मिळणारा 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा चेहरा, किंमत दोन डॉलरच्याही आत. कलादिग्दर्शक टॉमी ली वॉलेस यांनी भुवया आणि कल्ले काढले, डोळ्यांची भोकं मोठी केली, चेहऱ्यावर पांढरा रंग फवारला. ओळखीचा चेहरा असा कोरा झाला, म्हणूनच तो अंगावर येतो.

सुरुवातीचा लांबलचक शॉट खुनी लहान असतानाच्या नजरेतून आहे, तो पॅनाग्लाइडवर (चालतानाही कॅमेरा स्थिर ठेवणारं, अंगावर बांधायचं साधन) घेतलाय. कॅमेरा जिना चढायच्या आत खालचे दिवे उचलून वर न्यावे लागले. मुखवटा डोळ्यांवर येतो तिथे कट लपवलाय. पोराचा म्हणून दिसणारा हात निर्मात्या डेब्रा हिल यांचा! सिनेमाभर पडकं दिसणारं घर याच प्रसंगासाठी रंगवून सजवलं, म्हणून पहिला प्रसंग सर्वांत शेवटी चित्रित झाला.

एक्स्ट्रा मात्र तोकडे आहेत. कार्पेंटर आणि जेमी ली कर्टिस यांची कॉमेंट्री नवी आहे, ती जरूर ऐका. टीव्हीसाठी नंतर चित्रित केलेले प्रसंग आहेत, लोकेशन्सवरचा दहाएक मिनिटांचा तुकडा आहे. तासाभराची फिल्म मात्र कर्टिस चाहत्यांना भेटतात त्याची. निर्मितीबद्दल तिच्यातून फारसं हाती लागत नाही. दीडेक तासाचा जुना माहितीपट गाळायला नको होता. तो २००३च्या डीव्हीडीवर आणि २००७च्या ब्लू-रेवर आहे; जुनी प्रत स्वस्तात मिळाली तर तेवढ्यासाठी ठेवा.

आवाजात ७.१ सराउंडबरोबर मूळ मोनोही (एकाच चॅनेलचा आवाज) आहे. मोनोच निवडा, पाच मात्रांची ती पियानोची धून त्यातच घट्ट वाजते.

मागवण्याआधी एक बघा: भारत ब्लू-रेच्या 'सी' विभागात येतो, अमेरिका 'ए'मध्ये. मल्टी-रीजन प्लेअर नसेल तर अमेरिकी डिस्क अडू शकते. ४के डिस्कला विभागाचं बंधन नसतं, पण तिला ४के प्लेअरच लागतो.