पहिलीपासून सेमी की पाचवीपासून? झेडपीच्या शाळेतली एक निवड

मुलांना जिल्हा परिषदेच्या शाळेतच घालायचं हे ज्यांचं ठरलंय, त्यांच्यासाठी लिहितोय. खाजगी इंग्रजी शाळा बरी की झेडपी, तो वाद वेगळा. पण झेडपी ठरल्यावरही बऱ्याच गावांत एक प्रश्न उरतो. गावात सातवीपर्यंतची केंद्रशाळा असते, तिथे पहिलीपासून सेमी, म्हणजे शाळा मराठीच, पण गणित (आणि पुढे विज्ञान) इंग्रजीतून. आणि वाडीवर चौथीपर्यंतची दोनशिक्षकी शाळा असते, तिथे सगळं मराठीतून. पाचवीला गावात गेलं की गणित इंग्रजीतून सुरू होतं. माझी थोरली केंद्रशाळेत शिकली, धाकटा वाडीच्या शाळेत. दोघांचंही चांगलं चाललंय, त्यामुळे अमुक शाळा टाळा असं मला सांगायचं नाही. फक्त आज तिसरं मूल असतं तर कुठे घातलं असतं, ते मला पक्कं माहीत आहे.

आधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. 'सेमी' म्हटलं की पालकांना वाटतं अर्धी शाळा इंग्रजी. तसं नसतं. इंग्रजी हा विषय मराठी शाळांतही 2000 सालापासून पहिलीलाच आहे. परिसर अभ्यास आमच्याकडे दोन्ही शाळांत मराठीतून, चौथीचा शिवरायांचा इतिहास तर मराठीतूनच. सामान्य विज्ञान वेगळा विषय म्हणून सहावीला येतो आणि तोवर वाडीची मुलंही सेमीत आलेली असतात. म्हणजे निवड उरते ती पहिली ते चौथीच्या गणिताच्या पुस्तकापुरती. ते इंग्रजीत असावं की मराठीत, एवढंच. आणि एवढ्याशा गोष्टीने घरातली संध्याकाळ पार बदलते.

सेमीच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. थोरलीला इंग्रजी अंक, आकारांची नावं, 'ॲड', 'सबट्रॅक्ट' हे शब्द कधी शिकवावे लागले नाहीत, कानावर पडूनच आले. संख्यावाचनातही तिला सोपं गेलं. धाकटा दुसरीत असताना 'पंचाहत्तर' म्हटलं की 57 लिहायचा, कारण कानावर आधी पाच पडतो. ही अडचण सगळ्याच मराठी मुलांची आहे. तिच्यावर उपाय म्हणून 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'सत्तर पाच' अशा वाचनाची पद्धत आणली आणि त्यावर केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. त्यांनी मुलांची अडचण नेमकी ओळखली होती, असं मला तेव्हाही वाटलं आणि धाकट्याची वही बघताना जास्तच पटलं. इंग्रजीत हा उलटापालटीचा त्रास वीसच्या पुढे उरत नाही.

शिवाय पुढे अकरावीला विज्ञान शाखा घ्यायची तर शिकवणं बहुतेक सगळीकडे इंग्रजीतूनच असतं. म्हणून सेमी कधीतरी लागणारच. प्रश्न फक्त कधी, हा आहे.

आता ज्या गोष्टीने माझा कौल ठरला ती सांगतो. शाब्दिक उदाहरणं.

थोरली तिसरी-चौथीत असताना आडवी-उभी मांडणी दिली की भराभर सोडवायची. हातचा, उसना, भागाकार, कशातच अडत नव्हती. पण शाब्दिक उदाहरण आलं की पुस्तक माझ्यापुढे सरकवायची आणि विचारायची, "पप्पा, यात अधिक करायचं का वजा?" वाक्य न वाचताच. त्यातल्या दोन संख्या तिने आधीच वहीत उतरवून घेतलेल्या असायच्या, मधली खूण तेवढी रिकामी. मी तेच उदाहरण मराठीत सांगितलं, म्हणजे दुकानदाराकडे 145 किलो साखर होती, 68 किलो विकली, आता किती उरली, की माझं बोलणं संपायच्या आत उत्तर तयार. गणित तिला येतच होतं. तिला अडवत होतं ते वाक्य. आणि पहिली-दुसरीत इंग्रजी वाचन अजून अक्षरं जुळवण्याच्या पायरीवर असतं, तिथे चार ओळींचं वाक्य वाचून त्यातून अर्थ काढायचा ही अपेक्षाच मला जास्त वाटते.

हे रोजचं होतं. घरात त्या वेळी कुणीतरी मोकळं असायलाच हवं. मी शेतावरून उशिरा आलो की तेवढी उदाहरणं कोरी राहायची. तिच्या आईला इंग्रजी वाक्य लावताना संकोच वाटायचा आणि आजीला तर त्या अभ्यासात शिरताच येत नव्हतं, वास्तविक आजीचा तोंडी हिशोब आमच्या घरात सगळ्यात पक्का. वर्गातही बाई उदाहरण मराठीत समजावून सांगायच्या आणि फळ्यावर इंग्रजीत लिहायच्या, त्यांनी तरी दुसरं काय करावं? पण यातून एक सवय लागली. उदाहरण दुसऱ्या कुणीतरी वाचायचं आणि आपण आकडे करायचे. ती सुटायला सहावी उजाडली.

धाकट्याच्या वेळी हा प्रकारच नव्हता. वाडीच्या शाळेत पहिली-दुसरी एका गुरुजींकडे, तिसरी-चौथी दुसऱ्यांकडे. एका वर्गाला शिकवताना दुसरा वर्ग स्वतः वाचत बसलेला असतो, त्यामुळे मुलं पुस्तकातलं वाचून आपापलं करायला शिकतात. बालभारतीच्या पुस्तकात 'शाब्दिक उदाहरण तयार करा' असा स्वाध्याय असतो. त्याने तिसरीत केलेलं एक उदाहरण मी जपून ठेवलंय: 'आम्ही डेअरीला सकाळी 7 लिटर व संध्याकाळी 5 लिटर दूध घातले. लिटरला 30 रुपये मिळाले. 150 रुपयांची पेंड आणली. तर आईजवळ किती रुपये राहिले?' बेरीज, गुणाकार, वजाबाकी, तिन्ही एकात. कुणी सांगितलं नव्हतं. आणि ते बरोबर आहे की नाही ते आजीने तपासलं. थोरली हुशारीत त्याच्यापेक्षा तसूभरही कमी नाही, पण त्या वयात तिला असं उदाहरण बनवता आलं नसतं, कारण बनवायचं तर ते इंग्रजीत.

मी शिक्षणतज्ज्ञ नाही, दोन मुलांवरून सगळ्या जिल्ह्याचा निष्कर्ष काढता येत नाही हेही कळतं. पण शिक्षण हक्क कायदाही शक्य तिथे मातृभाषेतून शिकवा म्हणतो, 2020 चं राष्ट्रीय धोरण किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरतं. नवोदय विद्यालयात (सहावीपासूनची केंद्र सरकारची निवासी शाळा) तर सुरुवातीच्या इयत्ता प्रादेशिक भाषेतून शिकवून मग गणित-विज्ञान इंग्रजीवर नेतात. म्हणजे उशिरा सेमी हा काही मागे पडलेल्यांचा मार्ग नव्हे.

परीक्षांचं बोलायचं तर थोरलीच्या वेळी शिष्यवृत्ती पाचवीला होती. पहिल्या पेपरात 75 पैकी 50 प्रश्न गणिताचे, आणि त्यातले बरेच शाब्दिक. तिथे वेळ कमी पडतो तो वाचण्यात. नवोदयची प्रवेश परीक्षाही पाचवीतच असते आणि ती मराठीतून देता येते. त्यातल्या अंकगणितासाठी ज्यांचं चौथीपर्यंतचं गणित मराठीत झालंय त्यांना भाषेची वेगळी तयारी करावी लागत नाही. आठवीच्या एनएमएमएसपर्यंत (केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा) मात्र दोन्हीकडची मुलं एका पातळीवर आलेली असतात, तिथे मला फरक जाणवला नाही.

एक मुद्दा सेमीवाल्या शाळांविषयी आवर्जून विचारात घ्या. झेडपीच्या शिक्षकांच्या बदल्या होतात. एखाद्या बाई मनापासून इंग्रजीतून गणित घेत असतात, त्यांची बदली झाली की पुढच्या गुरुजींची तशी तयारी असेलच असं नाही. मग पुस्तक इंग्रजी आणि शिकवणं मराठी, असं सेमी कागदावर चालू राहतं. मराठी माध्यमात बदलीने शिक्षक बदलतो, पण भाषा तरी तीच राहते.

पाचवीत बदलण्याचा त्रास होतो का? होतो. पहिलं सत्र जडच जातं. धाकट्याला अंश-छेद पक्के ठाऊक होते, 'न्यूमरेटर' आणि 'डिनॉमिनेटर' यांत मात्र तो दिवाळीपर्यंत गोंधळत होता. आम्ही वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने केले, एकात मराठी संज्ञा, दुसऱ्यात इंग्रजी, आणि नवा धडा आला की भर घालत गेलो. पण तो गोंधळ नावांचा होता. कल्पना डोक्यात असली की नाव बदलून घ्यायला फार वेळ लागत नाही. दुसऱ्या सत्रात तो शाब्दिक उदाहरणं स्वतः वाचत होता, अडलेल्या एखाद्या शब्दाला बोट लावून विचारायचा आणि पुढे जायचा.

मग पहिलीपासून सेमी कुणी घ्यावं? घरात रोज संध्याकाळी इंग्रजी वाचून समजावणारं कुणी असेल, किंवा नोकरीच्या बदलीमुळे दोन-तीन वर्षांत मुलाला इंग्रजी शाळेत न्यावंच लागणार असेल, तर त्यांनी जरूर घ्यावं. वाडीच्या शाळेचा पट फारच कमी असेल आणि चारही वर्गांना मिळून एकच शिक्षक उरला असेल, तरीही मी केंद्रशाळाच सांगेन. तिथे भाषेपेक्षा शिक्षक असणं महत्त्वाचं.

बाकीच्यांनी एकच करून पाहावं. प्रवेश घेण्याआधी ज्या सेमी शाळेचा विचार आहे तिथल्या तिसरीतल्या एखाद्या मुलाकडून गणिताच्या पुस्तकातलं एक शाब्दिक उदाहरण वाचून घ्या, आणि त्याला आपल्या भाषेत सांगायला लावा की यात काय विचारलंय. सांगितलं तर बिनधास्त नाव घाला. नाही सांगता आलं तर चौथीपर्यंत मराठीच राहू द्या.