मिनी-झेड एमआर-०३ : काही महिन्यांच्या वापरानंतर आणि बऱ्याच बदलांनंतर

क्योशो या जपानी कंपनीने १९९९ मध्ये सुरू केलेल्या मिनी-झेड मालिकेतली, मागच्या चाकांवर चालणारी एमआर-०३ ही रिमोटची गाडी मी गेले अनेक महिने नियमित चालवतो आहे, आणि या काळात ती पूर्ण सुटी करून निरनिराळे भाग घालून पुन्हा जोडली आहे. साधारण १/२८ प्रमाणातली ही गाडी तळहातावर मावते आणि बॉडीसह तिचे वजन दोनशे ग्रॅमच्या आतच भरते. इतक्या हलक्या यंत्रात घर्षण आणि सांध्यांमधला अनावश्यक प्ले (ढिलेपणा) हे मोटरच्या ताकदीपेक्षा कितीतरी अधिक निर्णायक ठरतात, असे माझे ठाम मत झाले आहे. म्हणून ज्यांना गाडीत बदल करायचे आहेत त्यांनी वेगवान मोटर सर्वांत शेवटी घ्यावी.

सुरुवात हत्यारांपासून करावी. गाडीचे स्क्रू अतिशय बारीक असतात, आणि जपानी मानकाच्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर घेतल्यास त्यांची डोकी झिजत नाहीत. बहुतेक स्क्रू थेट प्लॅस्टिकमध्ये बसत असल्याने परत लावताना प्रत्येक स्क्रू आधी उलटा फिरवावा, तो जुन्या आट्यांमध्ये अलगद पडल्याचे बोटांना जाणवले की मगच आवळावा. ही सवय लागली तर चॅसिस (गाडीचा मूळ सांगाडा) वारंवार उघडूनही ढिली पडत नाही.

पहिला बदल बेअरिंगचा. चाकांमधल्या प्लॅस्टिकच्या बुशांच्या (आस ज्यांत फिरतो त्या साध्या कड्यांच्या) जागी बॉल बेअरिंग बसवल्यावर गाडी हात सोडल्यानंतर अधिक लांब घरंगळते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे चाकांची डगमग कमी झाल्याने ती सरळ रेषेत स्थिर धावते.

टायरांचा परिणाम मात्र सर्वांत मोठा, आणि त्यांच्यावर कितीही वेळ घालवला तरी तो सार्थकी लागतो. रबराचा कडकपणा अंशांत मोजला जातो; २०, ३० आणि ४० अंशांचे टायर सर्रास वापरले जातात आणि आकडा जितका कमी तितके रबर मऊ. मागे मऊ आणि पुढे त्याहून कडक, ही जोडी बहुतेक पृष्ठभागांवर योग्य ठरते, कारण पुढची पकड मागच्यापेक्षा वाढली की वळणावर गाडीची शेपूट निसटते. फोमच्या ट्रॅकवर उलटीच अडचण येते: तिथे पकड इतकी मिळते की गाडी वळताना चक्क कलंडते. अशा वेळी पुढचे टायर आणखी कडक घ्यावेत, गाडीची जमिनीपासूनची उंची कमी करावी, आणि तेवढ्याने भागले नाही तर पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडेवर झटपट सुकणाऱ्या गोंदाचा पातळ थर द्यावा. टायर रिमवर दुहेरी चिकटपट्टीने बसवणेही तितकेच आवश्यक आहे. नुसता ताणून चढवलेला टायर वेगात रिमवरून सरकतो आणि मग बाकीची सारी जुळवाजुळव निरर्थक होते.

बॉल डिफरेन्शियल, म्हणजे वळणावर मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी यंत्रणा, हा या गाडीतला मला सर्वांत आवडलेला भाग आहे. दोन गुळगुळीत चकत्यांमध्ये दाबून बसवलेल्या बारीक गोळ्यांवर तो चालतो आणि दाब नटाने कमीजास्त करता येतो. मागची दोन्ही चाके हातात घट्ट धरून मोठे गिअर अंगठ्याने फिरवून पाहावे. ते सहज घसरले तर दाब कमी आहे. एक चाक फिरवल्यावर दुसरे उलट दिशेने अडखळत फिरले, तर मात्र दाब जास्त आहे किंवा आत कचरा गेला आहे. हा दाब नेमका जुळला की वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल (वेग वाढवण्याची कळ) किती लवकर द्यावा याचा अंदाज बांधता येतो.

मागच्या मोटरच्या भागाला चॅसिसशी जोडणारी टी-प्लेट बदलून गाडीचा स्वभाव आणखी वळवता येतो: लवचीक प्लेटने मागची पकड वाढते, तर कडक प्लेटने प्रतिसाद तीक्ष्ण होतो.

सेलच्या बाबतीत काटकसर करू नये. गाडीला चार एएए सेल लागतात, त्यांचेच वजन सुमारे ५० ग्रॅम होते. अल्कलाइन सेलचा व्होल्टेज कागदावर १.५ आणि निकेल-मेटल हायड्राइडचा १.२ असला, तरी मोटर जोरात विद्युतप्रवाह ओढू लागली की अल्कलाइनचा व्होल्टेज लवकर खाली येतो, तर चांगले रिचार्जेबल सेल तो बराच काळ टिकवून धरतात. त्यामुळे एकूण वेग आणि सातत्य रिचार्जेबल सेलवरच अधिक मिळते.

एवढे सगळे झाल्यावर मी मोटर बदलली, आणि तेव्हा तो वाढीव वेग खरोखर वापरता आला. छोट्या, वळणावळणाच्या ट्रॅकवर कमी दातांचे पिनियन (मोटरच्या दांड्यावरचे छोटे गिअर) लावल्यास प्रवेग चांगला मिळतो आणि मोटर कमी तापते. लांब सरळ पट्टा असेल तरच मोठे पिनियन घ्यावे.

नियमित देखभालीत एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे लागते. गालिच्याचे धागे आणि केस मागच्या आसाला गुंडाळले जातात, बेअरिंगच्या कडेतून आत शिरतात आणि गाडी नकळत मंदावते. चाके काढून ते चिमट्याने ओढून काढावेत, बेअरिंग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुऊन पूर्ण वाळू द्यावे आणि पातळ तेलाचा एकच थेंब सोडावा. जास्त तेल सोडले तर धूळ पुन्हा त्यालाच चिकटते.