ड्रॉइंगवर सही माझी, बीम मात्र दुसराच

चाकण-भोसरी भागात शेड, मेझनाईन (शेडच्या आत उभारलेला मधला मजला), प्लॅटफॉर्म अशी स्ट्रक्चरल कामं मी करतो, ऑफिसात मी आणि एक ड्राफ्ट्समन मुलगा. माझ्याबरोबर जे झालं ते तुमच्याबरोबर होऊ नये म्हणून लिहितोय.

एका फॅब्रिकेटरने, म्हणजे स्टील कापून-जोडून उभं करणाऱ्याने, गोडाऊनच्या मेझनाईनचं काम आणलं. मालकांशी सगळं बोलणं त्याचं, मी फक्त डिझाईन करून ड्रॉइंग द्यायचं, निम्मे पैसे आधी आणि निम्मे स्टील उभं राहिल्यावर. पीडीएफ पाठवली तर म्हणाला सर कटिंग लिस्ट काढायचीये डीडब्ल्यूजी द्या ना, मी ती, म्हणजे ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमधली बदलता येणारी मूळ फाईल, व्हॉट्सॲपवर टाकून दिली. कुठला तुकडा किती कापायचा त्या यादीला, कटिंग लिस्टला, ती लागतेच, त्यामुळे मनात काही आलंच नाही.

टायटल ब्लॉकमध्ये, म्हणजे ड्रॉइंगवरच्या माहितीच्या चौकटीत, माझं नाव, शिक्का आणि सही होती. ही सही म्हणजे कागदावरची सही पॉलीलाईनने (सॉफ्टवेअरमधल्या सलग रेघेने) ट्रेस करून बनवलेला ब्लॉक, म्हणजे कुठेही टाकता येणारा तयार तुकडा, वर्षानुवर्षं प्रत्येक ड्रॉइंगवर तोच.

चार महिन्यांनी मालकांचा फोन आला, साहेब वर नुसतं चाललं तरी फ्लोअर हलतंय, माल चढवू का नको? मी म्हटलं काही चढवू नका, येतो. गेलो, टेप लावली, बीमची उंची 200 आणि फ्लँज (वरची-खालची आडवी पट्टी) 100 मिलिमीटर रुंद. मी दिला होता आयएसएमबी 250, म्हणजे 250 मिलिमीटर उंचीचा आय आकाराचा स्टील बीम, त्याची फ्लँज 125 असते. 250 चं वजन मीटरला साधारण 37 किलो आणि 200 चं साधारण 25, म्हणजे मीटरमागे 12 किलो स्टील वाचलं, पण वाकायला विरोध करायची ताकद जवळपास निम्म्यावर येते. काम एकरकमी घेतलेलं, वाचलेलं सगळं त्याच्या खिशात.

मालकांनी साईटवरचं ड्रॉइंग समोर पसरलं. नंबर माझा, तारीख माझी, शिक्का आणि सही माझी, आणि मेन बीमसमोर आयएसएमबी 200. मी बघतच राहिलो. मग नीट पाहिलं तर माझं सगळं लिखाण रोमन्स फाँटमध्ये आणि तो 200 एरियलमध्ये, जरासा जाड. बाकी एक रेघ हलवली नव्हती.

फॅब्रिकेटर म्हणाला यांनीच फोनवर बोलून नंतर बदलून दिलं. मी काय दाखवणार? माझ्याकडच्या फाईलमध्ये मुलाने नंतर लेयर साफ करून सेव्ह केलेलं, त्यामुळे तारीख पुढची. मधे फोन बदलला, बॅकअप नाही, पीडीएफही त्याच चॅटमध्ये गेली. कॅल्क्युलेशन दाखवलं तर मालक म्हणाले साहेब हे तर आजपण टाईप करता येतं. त्यांचं काय चुकलं? शेवटी मधे कॉलम टाकून स्पॅन (दोन आधारांमधलं अंतर) निम्मा केला, ते डिझाईन मी फुकट केलं, राहिलेले पैसे बुडाले. पण मला झोप लागत नव्हती ती वेगळ्याच कारणाने, त्या फ्लोअरखाली पॅकिंगच्या बायका दिवसभर बसतात आणि वरच्या कागदावर नाव माझं.

आता मुद्द्याचं. ट्रेस केलेली सही म्हणजे चित्र, ते कुणीही उचलून कुठेही चिकटवेल. खरी डिजिटल सही म्हणजे यूएसबी टोकनमधलं (पेनड्राइव्हसारखं उपकरण) क्लास 3 सर्टिफिकेट, आयटी कायदा 2000 मध्ये त्याला मान्यता आहे. आणि वाईट याचं वाटतं की माझ्याकडे ते होतं! रिटर्न भरायला घेतलेलं, टॅक्सवाल्यांच्या ड्रॉवरमध्ये पडलेलं. तुमचंही तसंच असेल तर आजच जाऊन घेऊन या, टोकन आणि पिन दुसऱ्याकडे म्हणजे कोरा सही केलेला चेक दुसऱ्याकडे.

ऑटोकॅडमध्ये डिजिटलसाइन कमांड आहे, टोकन लावायचं, सर्टिफिकेट निवडायचं, सेव्ह करायचं. एक गैरसमज काढून टाका, याने फाईल लॉक होत नाही. समोरचा उघडू शकतो, बदलू शकतो, कॉपी करून नवीन फाईलमध्ये नेऊ शकतो. फक्त त्याने बदलून सेव्ह केलं की तुमची सही त्या फाईलवर राहत नाही, आणि तुमच्याकडची सही केलेली मूळ फाईल जशीच्या तशी आहे हे कुणालाही तपासता येतं. मला नेमकं तेवढंच हवं होतं. ड्रॉइंगला पासवर्ड टाकू म्हणाल तर 2016 च्या व्हर्जनपासून ती सोय काढून टाकलीये. आणि एक्सरेफ, म्हणजे मेन ड्रॉइंगला बाहेरून जोडलेल्या दुसऱ्या ड्रॉइंग फाईल, जोडलेल्या असतील तर प्रत्येक फाईलवर वेगळी सही करा नाहीतर आधी बाईंड करून (मेन फाईलमध्येच कायमच्या सामावून) घ्या, कारण मेन फाईलवरची सही आतल्या एक्सरेफला लागू होत नाही, यात लोक हमखास चुकतात.

आता मी सही केलेली डीडब्ल्यूजी आणि सही केलेली पीडीएफ दोन्ही मेलनेच पाठवतो, सीसीमध्ये मालक असतातच. ती फाईल वेगळ्या फोल्डरला, मुलाला तिथे हात लावायचा नाही असं सांगितलंय.

गेल्या महिन्यात दुसऱ्या एका पार्टीच्या ड्राफ्ट्समनचा फोन आला, सर सेव्ह करताना सही जाईल असं म्हणतंय, काय करू? म्हटलं वेगळ्या नावाने सेव्ह कर आणि आधी माझा टायटल ब्लॉक डिलीट कर.