नऊ कप्प्यांचा चेनवाला फोल्डर कोकणच्या दमट हवेत: बेसबॉल कार्डं आणि रेल्वे इंजिनांची कार्डं एकाच ठिकाणी

पोकेमॉन आणि फुटबॉलची कार्डं जमवणाऱ्या मुलांमुळे नऊ कप्प्यांचे चेनवाले फोल्डर आता ऑनलाइन सहज मिळतात. वीस पानं, प्रत्येक पानाला पुढे नऊ आणि मागे नऊ कप्पे, म्हणजे एकूण ३६० कार्डं. हे परीक्षण एखाद्या ठरावीक कंपनीच्या मालाचं नसून या प्रकारच्या फोल्डरचं आहे, आणि ते खास रोह्यापासून सावंतवाडीपर्यंत राहणाऱ्यांसाठी आहे. बेसबॉलची कार्डं जमवणं आणि स्टेशनवर उभं राहून इंजिनांचे नंबर टिपणं, हे दोन्ही छंद या एका फोल्डरमध्ये फार छान नांदतात. फोल्डर घ्यावा असाच आहे. मात्र देशावर जो वर्षानुवर्षं टिकेल तोच इथल्या खाऱ्या, ओलसर हवेत लवकर हात टेकतो, म्हणून निवडताना थोडं चोखंदळ व्हायला हवं.

आधी प्लॅस्टिक. पानं पॉलिप्रॉपिलीनचीच हवीत. ‘पीव्हीसी फ्री’ असं वेष्टनावर सगळेच छापतात, त्यावर विसंबू नका. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात एक तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं. ते हळूहळू बाहेर पाझरतं, उकाड्यात तर जास्तच, आणि मग कार्डाची शाई पानाला चिकटते. तपासणी घरच्या घरी होते. शेवटच्या पानाच्या कडेचा नखाएवढा तुकडा कापा. पेलाभर पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाका आणि तुकडा बोटाने तळापर्यंत बुडवून सोडा. पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं असतं, ते वर येतं. पीव्हीसी तळालाच राहतं. साबण नसेल तर तुकड्याला हवेचे बुडबुडे चिकटतात आणि पीव्हीसीसुद्धा तरंगून फसवतं. जाळून बघायच्या भानगडीत पडू नका, पीव्हीसीचा धूर विषारी असतो. पाकीट उघडताच नव्या रेनकोटसारखा उग्र वास आला तर एवढं करायचीही गरज नाही, सरळ परत पाठवा.

आवरणाच्या बाबतीत चामड्यासारखं दिसणारं, म्हणजे पीयूचं, टाळा. दुकानात ते सगळ्यात देखणं दिसतं, पण हवेतल्या ओलीने पीयूचा थर आतून सुटत जातो. आधी चिकट होतो, मग त्याचे पापुद्रे निघतात आणि ते पानांत शिरतात. जाड नायलॉनचं किंवा कॅनव्हासचं आवरण घ्या. चेनही बघून घ्या. धातूच्या चेनच्या दात्यांवर समुद्राकाठी पांढरट-हिरवट थर धरतो, रनर अडकतो, आणि जोर लावला की शिवण उसवते. प्लॅस्टिकच्या जाड दात्यांची चेन उत्तम. रनर धातूचा असेल तर त्यावर महिन्या-दोन महिन्यांनी मेणबत्ती घासायची. तेल लावू नका, ते कापडातून आत जातं.

रिंगवाल्या फोल्डरशी तुलना होणारच. रिंगवाल्यात पानं काढता-घालता येतात, ही त्याची खरी सोय. पण रिंगा गंजतात. गोल रिंगेत तर शिवणीजवळच्या रांगेतली कार्डं रिंगेवर चढून दबतात आणि त्यांच्यावर अर्धवर्तुळाची कायमची खूण उमटते. रिंगवालाच हवा असेल तर इंग्रजी डी आकाराच्या, स्टेनलेस रिंगा शोधा. चेनवाल्यात पानं पक्की असल्यामुळे हा त्रास नाही, मात्र वेगळ्या मापाची पानं त्यात घालता येत नाहीत.

हे माप महत्त्वाचं आहे. टॉप्स या अमेरिकन कार्ड कंपनीने १९५७ पासून बेसबॉल कार्डाचं माप अडीच बाय साडेतीन इंच, म्हणजे ६३.५ बाय ८८.९ मिलिमीटर ठरवलं आणि पुढे तेच सगळीकडे रूढ झालं. नऊ कप्प्यांचं पान याच मापाचं असतं. त्याआधीची, १९५२ ते १९५६ ची टॉप्स कार्डं साधारण ६७ बाय ९५ मिलिमीटरची. ती या कप्प्यात जात नाहीत, दामटून घातली तर कोपरे मोडतात. १९५२ च्या ज्या मिकी मॅन्टल या बेसबॉलपटूच्या कार्डाची एक प्रत ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकली गेली, तेही याच मोठ्या मापाचं. त्याची पुनर्मुद्रणं बरीच निघाली आहेत, तेव्हा मागवण्याआधी विक्रेत्याला माप विचारा. जर्सीचा तुकडा बसवलेली जाड कार्डंही इथे नकोत. त्यांच्यासाठी कडक प्लॅस्टिकचे टॉपलोडर असतात.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने १९८० च्या दशकाच्या शेवटापासून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतची कार्डं घ्यावीत. त्या काळात कंपन्यांनी इतकी कार्डं छापली, की आजही ती अगदी स्वस्त मिळतात. अमेरिकेतून मागवताना कार्डांपेक्षा टपालखर्चच जास्त होतो, म्हणून एकेक न मागवता गठ्ठा मागवावा. मात्र त्या काळातली चकचकीत लेपाची कार्डं सीलबंद पाकिटात असतील तर जपून. ओल आणि दाब मिळून ती एकमेकांना चिकटतात आणि विटेसारखा ठोकळा होतो. ओढून सोडवली तर एकाचा चेहरा दुसऱ्याच्या पाठीवर निघून येतो. गठ्ठा आला की त्याच दिवशी कार्डं सुटी करा आणि प्रत्येकाला पातळ स्लीव्ह, म्हणजे कार्डाच्या मापाची प्लॅस्टिकची पिशवी, घाला.

स्लीव्ह घातलेलं कार्ड कप्प्यात बसतं का, ही या फोल्डरची दुसरी परीक्षा. स्लीव्ह साधारण ६७ बाय ९२ मिलिमीटरची असते आणि काही पानांचे कप्पे तिच्यासाठी अगदीच कंजूष असतात. घेतल्या घेतल्या शिवणीजवळच्या खालच्या कप्प्यात घालून बघा, तिथे जागा सगळ्यात कमी असते. कप्पा बाजूने, शिवणीच्या दिशेने उघडणारा हवा. वरून उघडणाऱ्या कप्प्यातलं कार्ड फोल्डर उलटा झाला की सटकतं, आणि गाडीच्या गर्दीत पिशवीतला फोल्डर उलटा होतोच. नव्या पानाचे दोन्ही थर चिकटलेले असतात, म्हणून आधी एखादं टाकाऊ कार्ड आत-बाहेर फिरवून वाट मोकळी करा. कार्ड ढकलताना कोपऱ्यावर बोट ठेवू नका, कडेच्या मधोमध ठेवा. आणि एका कप्प्यात पाठीला पाठ लावून दोन कार्डं घालून ७२० ची सोय करू नका. फोल्डर फुगतो, चेन ताणली जाते आणि आतली कार्डं दबतात.

आता ओलीचं गणित. फोल्डर चेनचा असला तरी हवाबंद नसतो. तो रबरी रिंगच्या झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात, उभा ठेवायचा, वर काहीही न रचता. डबा चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, पावसाळ्यात ती भिंत ओल धरते. डब्यात सिलिका जेल हवी, पण बुटांच्या खोक्यातल्या इवल्याशा पुड्या इथे कुचकामी. एक कार्ड साधारण पावणेदोन ग्रॅमचं, म्हणजे भरलेल्या फोल्डरमध्ये सहाशे ग्रॅमच्या वर कागद असतो. पावसाळी हवेतला कागद पन्नास टक्के आर्द्रतेपर्यंत आणायचा तर त्यातून पंचवीस-तीस ग्रॅम पाणी काढावं लागतं. सिलिका जेल या आर्द्रतेला स्वतःच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकं पाणी धरते. म्हणजे दीडशे ग्रॅम तरी हवीच. सोबत एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवा आणि आकडा ४५ ते ५५ टक्क्यांत राहू द्या. त्याखाली गेला तर पुड्या कमी करा, कारण फार कोरडी हवाही चालत नाही. टॉप्स क्रोमसारख्या कार्डांना एका बाजूने चकाकता थर असतो आणि दुसरीकडे कागद. कागद फुगतो-आकसतो, थर तसाच राहतो, म्हणून कार्ड धनुकलीसारखं वाकतं. हवा स्थिर ठेवली की ते बरंचसं आपोआप सरळ होतं.

निळ्या सिलिका जेलमध्ये कोबाल्टचं क्षार असतं, नारिंगी घेतलेली बरी. ती हिरवट झाली की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोनेक तास तापवा, रंग परत येतो. स्वयंपाकाचं भांडं त्यासाठी वापरू नका. उन्हात ठेवून ती नीट सुकत नाही. कार्डांना मात्र पापड-कुरडयांसारखं ऊन दाखवायचं नाही, शाई उडते आणि कार्ड वाकडं होतं. कसरीच्या भीतीने डांबराच्या गोळ्या टाकणंही चुकीचं, त्यांच्या वाफेने काही प्लॅस्टिक मऊ पडतात. हवा कोरडी असली की कसर आणि बुरशी दोन्ही आपोआप दूर राहतात.

आणि आता फोल्डरचा दुसरा अर्धा भाग, जो आम्हाला सगळ्यात प्रिय आहे. इंजिनांचे नंबर वहीत टिपण्यापेक्षा त्यांची कार्डं करा, बेसबॉल कार्डाच्याच मापाची. चार बाय सहा इंचाच्या एका फोटो प्रिंटमध्ये साडेतीन बाय अडीचचे दोन आडवे तुकडे बसतात. वरच्या भागात इंजिनाचा फोटो आणि खालच्या भागात तक्ता लावून फाइल करा आणि गावातल्या फोटो स्टुडिओतून छापून घ्या. मॅट कागद सांगा, चकचकीत कागद दमट हवेत प्लॅस्टिकला चिकटतो. दोन्ही तुकडे पोलादी पट्टी आणि कटरने कापून पाठीला पाठ लावा. पाण्याच्या गोंदाने कागद वाकतो, दुहेरी चिकट शीट वापरा. फोटोचा कागद साधारण पाव मिलिमीटरचा, दोन थर मिळून अर्धा मिलिमीटर. बेसबॉल कार्डाची जाडीही जवळपास तेवढीच. हातात घेतल्यावर ते खरंच कार्ड वाटतं.

बेसबॉल कार्डाच्या पाठीवर खेळाडूचा दरवर्षीचा हिशोब असतो: किती सामने, किती होम रन, सरासरी किती. इंजिनाच्या कार्डावर दर दर्शनाची एक ओळ ठेवा: तारीख, स्टेशन, गाडीचा नंबर, वेळापत्रकातली वेळ, प्रत्यक्ष वेळ, हवा. पाच-सहा ओळी कोऱ्या सोडा. फोटोच्या कागदावर बॉलपेन चालत नाही, बारीक टोकाचा परमनंट मार्कर घ्या आणि शाई वाळेपर्यंत कार्ड कप्प्यात घालू नका. पावसाळी वेळापत्रक लागू असेल तर तशी खूण करा. त्या काळात वेग कमी असतो, त्यामुळे वेळा जुळत नाहीत आणि नंतर वाचताना गाडी उशिरा होती असा गैरसमज होतो.

इंजिनावरचा पाच आकडी नंबर आणि शेडचं, म्हणजे त्या इंजिनाची देखभाल जिथे होते त्या ठिकाणाचं, नाव या दोन गोष्टी चुकवू नका. ३७ किंवा ३९ ने सुरू होणारा, किंवा ३० ने सुरू होणारा पण ३०२०० च्या वरचा नंबर म्हणजे डब्ल्यूएपी-७, प्रवासी गाड्यांचं विजेचं इंजिन. ४० ने सुरू होणारी डिझेल मार्च २०२२ मध्ये कोकण रेल्वेचं विद्युतीकरण पूर्ण झाल्यापासून कमी दिसतात, दिसली की टिपाच. कार्डं शेडनुसार लावा: एक पान कल्याणचं, एक नागपूरच्या अजनीचं, एक चेन्नईच्या रोयापुरमचं. खेळाडू संघ बदलतो तसं इंजिनही शेड बदलतं. तेव्हा जुनं कार्ड न काढता शेजारी नवं लावायचं. वंदे भारतला वेगळं इंजिन नसतं, तिच्या कार्डावर रेकचा, म्हणजे डब्यांच्या अख्ख्या संचाचा नंबर येईल. रो-रोवरच्या, म्हणजे ट्रक चढवून नेणाऱ्या मालगाडीवरच्या ट्रकांच्या रांगेसाठी एक पान राखून ठेवाच. १९९९ पासून कोकण रेल्वेवर चालणारी ही सेवा दाखवणारं पान सगळ्यात जास्त उलटलं जातं.

फोटोसाठी कोकण रेल्वे फार दयाळू आहे. रोहा ते वीर सोडलं तर मार्ग जवळपास सगळा एकेरी, त्यामुळे स्टेशनात क्रॉसिंगसाठी, म्हणजे समोरून येणाऱ्या गाडीला वाट देण्यासाठी, गाडी थांबते आणि इंजिन निवांत उभं सापडतं. रत्नागिरी स्टेशन या दृष्टीने उत्तम. रत्नागिरी ते निवसर दरम्यानचा ६४ मीटर उंच पानवल नदीचा पूल दुरून, आडव्या चौकटीत अप्रतिम येतो. उक्षी ते भोके दरम्यान साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा आहे. तिथे ॲपवर गाडीची जागा अडकून राहिली तर गोंधळू नका, बोगद्यात मोबाइलचा सिग्नल नसतो. फलाट तिकीट काढा आणि पिवळ्या रेषेच्या आत राहा. रुळांवर उतरणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात, पादचारी पुलावर छत्री किंवा सेल्फी स्टिक तारेकडे उंचावू नका.

जुनी पुठ्ठ्याची तिकिटं असतील तर त्यांनाही इथे जागा आहे. ५७ बाय ३०.५ मिलिमीटरची दोन तिकिटं एकाखाली एक एका कप्प्यात बसतात. मागे काळा पुठ्ठा ठेवला की सरकत नाहीत. मशीनमधून येणारी थर्मल कागदाची तिकिटं मात्र उष्णतेने आणि पीव्हीसीच्या तेलकटपणाने फिकी पडत जातात. ती मिळाली त्याच दिवशी स्कॅन करा आणि ते स्कॅन त्या दिवशीच्या इंजिनाच्या कार्डाच्या पाठीवर छापा.