घरी स्मिथ मशीन घेताय? आधी पाइपचं टोपण काढून बघा

घरच्या व्यायामासाठी स्मिथ मशीन घ्यायचा विचार असेल आणि फोनवरच्या जाहिरातीत कुणी 'कारखान्यातून थेट, निम्म्या दरात' म्हणत असेल, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. माझे ६२ हजार रुपये गेले. पैसे गेल्याचं वाईट वाटतंच, पण खरा संताप वेगळ्याच गोष्टीचा आहे. त्या बारखाली माणूस आडवा होऊन वजन उचलणार आहे, हे विकणाऱ्याला पक्कं माहीत होतं. माहीत असून त्यानं तसला माल पाठवला.

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. शिफ्ट बदलत राहते, त्यामुळे जिमच्या वेळा जमत नाहीत. जुळे सोलापुरात घरामागे पत्र्याची शेड आहे, तिथेच व्यायाम करतो, तोही एकटा. बेंच प्रेस किंवा स्क्वॉट करताना शेवटच्या उचलीला दम संपला तर बार धरायला कुणी नसतं. स्मिथ मशीन घ्यायचं ठरवलं ते म्हणूनच. यात बार दोन उभ्या रुळांवर वर-खाली सरकतो, पुढे-मागे जात नाही. मनगट थोडं फिरवलं की बारचा हुक खांबावरच्या खुंटीत अडकतो, म्हणजे उचलीच्या मध्येच थांबावं लागलं तरी वजन अंगावर येत नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेत रुडी स्मिथ या जिमवाल्याच्या नावानं हे यंत्र रूढ झालं आणि आजही लोक ते घेतात ते मुख्यतः या अडकण्याच्या भरवशावर. तोल सांभाळणाऱ्या स्नायूंना यात काम कमी पडतं, म्हणून बरेच जाणकार पॉवर रॅक, म्हणजे मोकळा बार ठेवायची चौकट, घ्या म्हणतात. त्यांचं म्हणणं बरोबरच आहे. पण आमच्या घरात बायकोलाही व्यायाम सुरू करायचा होता, तिला मोकळ्या बारची सवय नव्हती, म्हणून आम्ही स्मिथवर आलो.

जाहिरातीतला माणूस बोलायला गोड होता. जालंधरला आमचा कारखाना आहे, म्हणाला. जालंधर आणि मेरठ ही आपल्या देशातली खेळाच्या सामानाची मोठी केंद्रं, तिथे प्रामाणिक कारखानदार भरपूर आहेत. त्या नावाचा आधार यानं घेतला. मी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला त्यानं व्हॉट्सॲपवर लेखी उत्तर दिलं. पाइप किती जाडीचा? '५० बाय ५०, अडीच एमएम.' बार कशावर सरकतो? 'लिनिअर बेअरिंग.' रूळ पोकळ की भरीव? 'सॉलिड, हार्ड क्रोम.' बारच्या टोकाला ५० एमएमच्या प्लेट बसतील ना? 'ऑलिम्पिक साइज, बिनधास्त.' मशीनचं वजन? '१३० किलो.' सोबत एक व्हिडिओ पाठवला. पिवळ्या भिंतीचं गोडाऊन, मशीन उभं, एक पोरगा एका बोटानं बार वर ढकलतो आणि बार काहीही आवाज न करता सरकतो. उत्तरं चोख होती. माझ्याजागी कुणीही असता तरी त्याला ती पटली असती, कारण विचारण्यासारखं सगळं विचारून झालं होतं आणि लेखी आलं होतं.

बुकिंगला २५ हजार घेतले. खातं एका माणसाच्या नावाचं, बचत खातं. कंपनीच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, असं कारण दिलं. दोन आठवड्यांत माल मार्केट यार्डाजवळच्या ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनला आला. इथून पुढचं नीट लक्षात घ्या, कारण या धंद्याची मेख इथेच आहे.

ट्रान्सपोर्टवाला बिल्टी, म्हणजे माल पाठवल्याची ट्रान्सपोर्टची पावती, दाखवल्याशिवाय माल सोडत नाही, आणि बिल्टी विकणाऱ्याच्या हातात असते. तो म्हणाला, बाकीचे ३७ हजार टाका, पाच मिनिटांत बिल्टी पाठवतो. मी म्हटलं, आधी माल बघू द्या. तर म्हणे, गोडाऊनवाले पॅकिंग फोडू देत नाहीत, आणि उद्यापासून गोडाऊनचं भाडं चढेल ते तुम्हालाच भरावं लागेल. आमच्या टॉवेलच्या धंद्यातही माल असाच बिल्टीवर सुटतो. पण तिथे समोरची पार्टी वर्षानुवर्षांच्या ओळखीची असते, आणि जीएसएम (चौरस मीटरला किती ग्रॅम) विचारल्याशिवाय, वजन केल्याशिवाय कुणी टॉवेलचा गठ्ठा घेत नाही. इथे माल न बघता पूर्ण पैसे मोजायला भाग पाडण्यासाठीच बिल्टी अडवली होती.

पैसे गेल्यावर बिल्टीचा फोटो आला. त्यावर नग ५, वजन ७१ किलो. मालाची किंमत २४,५००. सांगितलेलं वजन १३० आणि आलेलं ७१! किंमत कमी का लिहिली याचं कारण आमच्या कारखान्यातल्या अकाउंटंट मॅडमनी सांगितलं. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात ५० हजारांच्या वरचा माल पाठवायचा तर ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीची ऑनलाइन नोंद, काढावं लागतं. किंमत कमी दाखवली की ती नोंद होत नाही, करही वाचतो, आणि उद्या ग्राहक भांडायला गेला तर त्याच्या हातात निम्म्याहून कमी रकमेचं बिल राहतं.

मशीन जोडायला आमच्या भागातल्या फॅब्रिकेशनवाल्या मामांना बोलावलं. चाळीसेक वर्षं लोखंडात गेलेला माणूस. त्यांनी पहिला खांब एका हातानं उचलला आणि थांबले. खांबाच्या तोंडाला काळं प्लास्टिकचं टोपण होतं, ते त्यांनी स्क्रू ड्रायव्हरनं उचकटून काढलं. आत बघितलं, काठावरचा रंग पोलिश पेपरनं घासला, मग खिशातून व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचं साधन, काढून पाइपच्या काठाला लावला. १.२ एमएम. दुसऱ्या खांबाचं टोपण काढलं, तिथेही तेच. 'काय घेऊन आलाव हे?' ते म्हणाले. 'ह्याची आम्ही खिडकीच्या जाळीची चौकट करतो. ह्याच्यावर वजन घ्यायचं न्हाय.'

मग त्यांनी मला हिशोब करून दाखवला, तो तुम्हीही करू शकता. ५० बाय ५० चा चौकोनी पाइप अडीच एमएमचा असेल तर मीटरला साधारण पावणेचार किलो भरतो, २ एमएमचा ३ किलो आणि १.२ एमएमचा जेमतेम १.८ किलो. बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात. पावडर कोटिंग झालं की फोटोत कुणालाही फरक सांगता येणार नाही. गेजमध्ये कुणी बोललं तर आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, हे लक्षात ठेवा. १४ गेज म्हणजे सुमारे २ एमएम, १६ गेज म्हणजे सुमारे १.६. 'आमचा १८ गेजचा हेवी पाइप' असं म्हणणारा सरळ सरळ फसवतोय.

रूळ भरीव नव्हते. मामांनी पान्यानं टकटक केलं तर पोकळ आवाज आला. वरचा चकचकीतपणा हार्ड क्रोमचा नव्हता, नखानं खरवडलं तर पापुद्रा निघत होता. बेअरिंगच्या जागी नायलॉनचे बुश, म्हणजे रुळावर सरकणाऱ्या नळ्या, होते. नायलॉनचे बुश असलेली स्वस्त मशीन बाजारात मिळतात, तसं सांगून विकली तर त्यात गैर काही नाही. इथे बुशचं भोक मोठं आणि रूळ बारीक, त्यामुळे बार एका बाजूला कलायचा आणि वर नेताना अडकायचा, मग झटका देऊन सुटायचा. व्हिडिओतलं मशीन हे नव्हतंच. बारच्या टोकाचा व्यास २८ एमएम निघाला. ५० एमएमच्या भोकाच्या प्लेट मी त्याच्या लेखी शब्दावर सात रस्त्याच्या दुकानातून आधीच आणून ठेवल्या होत्या, त्या त्या टोकावर खुळखुळत होत्या.

सगळ्यात वाईट गोष्ट हुकची. बारच्या डाव्या हुकाच्या वेल्डिंगवर रंग जरा फुगलेला वाटला म्हणून मामांनी तिथे छिन्नी टेकवली, तर रंगाखालून पुट्टी निघाली. गाडीच्या पत्र्याचे पोचे बुजवायला वापरतात ती पुट्टी. तिच्याखाली वेल्डिंगचे दोन टाके, बाकी फट. दम संपल्यावर ज्या हुकावर सगळं वजन टेकवायचं, तोच पुट्टीनं चिकटवलेला. खाली सेफ्टी स्टॉपर असायला हवे होते, म्हणजे हुक चुकला तरी बार छातीच्या वरच थांबतो. ते पाठवलेच नव्हते. बायको शेजारीच उभी होती. ती काही बोलली नाही, फक्त शेडच्या दाराला आतून कडी घातली, कारण शेजारची पोरं सारखी आत येऊन बारला लोंबकळत होती.

त्या माणसाला फोन केला तर आधी ट्रान्सपोर्टमध्ये मार लागला असेल म्हणाला. ट्रान्सपोर्टमध्ये पाइप पातळ होत नाही, म्हटल्यावर सुट्टे पार्ट पाठवतो म्हणाला. व्हर्नियर लावलेला फोटो पाठवला आणि त्यानं मला ब्लॉक केलं. मग बिलावरचा जीएसटी नंबर तपासला. जीएसटीच्या पोर्टलवर कुणालाही नंबर टाकून व्यापाऱ्याचं नाव आणि नोंदणी चालू आहे की नाही ते बघता येतं, लॉगिन लागत नाही. नंबर १५ अक्षरी असतो आणि पहिले दोन आकडे राज्याचे. महाराष्ट्राचे २७, पंजाबचे ०३. जालंधरचा म्हणवणाऱ्या या माणसाच्या बिलावर ०७ होते, म्हणजे दिल्ली. नोंदणी रद्द झालेली आणि नाव भलत्याच कुणाचं. हे पैसे देण्याआधी बघायला मिळालं नाही, कारण बिल त्यानं बिल्टीसोबतच पाठवलं. म्हणून ॲडव्हान्स देण्याआधीच जीएसटी नंबर असलेलं प्रोफॉर्मा बिल (विक्रीआधी दर आणि तपशील लिहून देतात ते) मागा, त्यात पाइपची जाडी आणि मशीनचं एकूण वजन लिहून घ्या. खरा कारखानदार हे लिहून द्यायला कचरत नाही.

असं कुणाबरोबर झालं तर गप्प बसू नका. पैसे गेल्यावर समोरचा गायब झाला असेल, माल आलाच नसेल, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी ती रक्कम बँकेत गोठवली जाण्याची शक्यता जास्त. माझ्यासारखा खोटा माल आला असेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि त्यानं भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, विकणाऱ्याच्या गावाला जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. मी सोलापूरच्या आयोगात तक्रार दाखल केली आहे. कमी रकमेच्या बिलाची अडचण होईल असं वाटलं होतं, पण बँकेच्या स्टेटमेंटवर दोन्ही रकमा आहेत आणि व्हॉट्सॲपवर ६२ हजारांचा ठरलेला दर त्याच्याच शब्दांत आहे.

भंगारवाल्यानं त्या लोखंडाचे पैसे देऊ केले होते. असा माल भंगारात देऊ नका. मालातला दोष ठरवायला आयोग तो तपासणीसाठी मागवू शकतो, तेव्हा पुट्टी उकरलेल्या हुकासकट मशीन जसंच्या तसं दाखवता आलं पाहिजे. पॅकिंगवरची लेबलंसुद्धा मी जपून ठेवली आहेत. माल सोडवायला गेलात तर गोडाऊनमध्येच, पैसे पूर्ण व्हायच्या आत, एक टोपण काढून व्हर्नियर लावलेला व्हिडिओ घ्या. विकणारा तयार नसेल तर ॲडव्हान्सवर पाणी सोडावं लागलं तरी चालेल, उरलेले पैसे तरी वाचतील. सोलापुरात किंवा पुण्यात दुकानात जाऊन घेणार असाल तर बारला दोन्ही बाजूंनी प्लेट लावून, हुक अर्ध्या उंचीवर अडकवून, दुकानदारासमोर हलवून बघा. लाज वाटायचं कारण नाही.

तो पिवळ्या भिंतीचा व्हिडिओ गेल्या आठवड्यात माझ्या मेहुण्याच्या फोनवर पुन्हा आला. दुकानाचं नाव बदललंय, नंबर बदललाय, दर ५४ हजारांवर आणलाय. मशीन तेच, पोरगा तोच, भिंतीवर डावीकडे तुटलेला स्विचबोर्डही तोच. मेहुण्यानं पाइपच्या तोंडाचा व्हर्नियर लावलेला फोटो मागितला. उत्तर आलेलं नाही. तुमच्या फोनवर तो व्हिडिओ आला तर तुम्हीही तोच फोटो मागा, आणि १९१५ वर त्या नव्या नंबरासकट कळवा.