मेरियम-वेब्स्टरचा ऑनलाइन शब्दकोश: ‘राइड हर्ड ऑन’च्या निमित्ताने

शब्दकोश पारखायचा असेल, तर त्यात जडजंबाल शब्दांपेक्षा साध्या शब्दांचा बनलेला एखादा वाक्प्रचार शोधून पाहावा. ‘राइड हर्ड ऑन’ हा अमेरिकन वाक्प्रचार त्यासाठी उत्तम आहे. मेरियम-वेब्स्टरच्या संकेतस्थळावर तो चटकन सापडतो, आणि एखाद्यावर देखरेख ठेवणे, त्याला ताब्यात ठेवणे हा त्याचा अर्थही मोजक्या शब्दांत मिळतो. हा अर्थ चुकीचा नाही. तो तोकडा मात्र आहे.

या वाक्प्रचाराची खरी गंमत त्याच्या मुळाशी आहे. ‘हर्ड’ म्हणजे गुरांचा कळप. १८६५ मध्ये अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यानंतर टेक्सासमधील गुरांचे प्रचंड कळप उत्तरेकडे कॅन्ससमधील रेल्वेस्थानकांपर्यंत हाकत नेले जात. १८६७ पासून ॲबिलीन हे त्यांचे एक मोठे ठिकाण झाले. या प्रवासात काही घोडेस्वार कळपाच्या पुढे, काही दोन्ही बाजूंना, तर काही सर्वांत मागे धुरळा खात चालत, आणि रात्री पहाऱ्यावरचे स्वार गुरे बिथरू नयेत म्हणून गाणी गुणगुणत कळपाभोवती फेऱ्या मारत. हे एकदा ध्यानात आले की व्याख्येत न मावणारी छटा उलगडते: येथे एकदाच केलेली तपासणी अभिप्रेत नसून, सुटले तर भरकटतील अशा अनेकांभोवती सतत घातलेली गस्त अभिप्रेत आहे. म्हणूनच कंत्राटदार, मुलांचा घोळका, हाताबाहेर जाऊ पाहणारा खर्च यांच्या संदर्भात तो शोभतो. चोख काम करणाऱ्या एखाद्या सहकाऱ्याबद्दल वापरला, तर त्याला तो बहुधा झोंबेल. आपले ‘डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणे’ त्याच्या जवळ जाते खरे, पण त्यात जागरूकता आहे, वळवून आणण्याचा धाक नाही.

वापराच्या दृष्टीने तीन शब्दांपैकी फक्त पहिला काळानुसार बदलतो (‘रोड हर्ड ऑन’), ‘हर्ड’आधी उपपद येत नाही आणि ‘ऑन’ गाळता येत नाही. नवशिक्यांना अशी माहिती व्याख्येपेक्षा जास्त उपयोगी पडते, आणि ती अर्थाशेजारीच ठळकपणे दिलेली असावी, असे मला वाटते. संकेतस्थळावर अनेक नोंदींखाली अलीकडच्या लिखाणातील उदाहरणे दिलेली असतात, आणि मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. मात्र ती संगणकाद्वारे आपोआप गोळा केलेली असल्यामुळे दोन-चार एकत्र वाचूनच निष्कर्ष काढावा.

मोफत आवृत्तीतील जाहिराती वाचनात व्यत्यय आणतात. केवळ वाक्प्रचारांचे अर्थ पाहण्यासाठी सशुल्क बृहद् आवृत्ती घेण्याचे कारण मला दिसत नाही.