ईएमडीआर की एक्सपोजर? भावासाठी ठरवताना जे कळलं ते

मोहोळजवळ हायवेवर ट्रकनं भावाची बाईक उडवली. पायाचं हाड जुळलं, पण चार महिन्यांनीसुद्धा एअर हॉर्न वाजला की गडी जागेवर थिजायचा. आईनं दृष्ट काढली, अंगारा लावला, मग डॉक्टर म्हणले पीटीएसडी आहे, म्हणजे भयंकर प्रसंगाचा मनावर बसलेला धक्का, महिन्याच्या वर टिकलं की तसं म्हणतात, आणि प्रोलॉन्ग्ड एक्सपोजर आणि ईएमडीआर अशी दोन थेरप्यांची नावं सांगून म्हणले ठरवा. आता आम्हाला काय कळतंय बे?

प्रोलॉन्ग्ड एक्सपोजर म्हणजे तो प्रसंग डोळे मिटून, आत्ता घडतोय असा, परत परत सांगायचा. त्याचं रेकॉर्डिंग घरी रोज ऐकायचं आणि जे टाळतोय तिथं हळूहळू जायचं, कारण टाळत राहिलं की धोका संपलाय हे मेंदूला कळतच नाही. दीड-दीड तासाची ८ ते १५ सेशन. अवघड आहे, लई रडवतं. आणि दोन खोल्यांच्या घरात रेकॉर्डिंग ऐकायचं कुठं? शेजारी दिवसभर पॉवरलूमची खडखड, भाऊ हेडफोन लावून गच्चीवर बसायचा, टाकीच्या सावलीत.

ईएमडीआरमध्ये होमवर्क जवळपास नाही, सगळं तोंडानं सांगायलाही लागत नाही. प्रसंग मनात धरायचा आणि थेरपिस्टच्या बोटामागं डोळे फिरवायचे. फ्रान्सिन शापिरो या बाईंना हे १९८७ मध्ये फिरायला गेल्यावर सुचलं. डोळे फिरवण्यानंच फरक पडतो का यावर अजून भांडणं चालूच आहेत (मलापण आधी जादूटोणाच वाटला), पण थेरपी म्हणून गुण येतो, २०१३ मध्ये डब्ल्यूएचओनं तिची शिफारस केली. ज्याला तोंडातून शब्दच फुटत नाही त्यानं हीच घ्यावी असं माझं मत.

गोळ्यांमध्ये सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन देतात. असर दिसायला काही आठवडे जातात, मनानं बंद करायच्या नाहीत. अल्प्राझोलामसारखी घबराटीवरची, झोप आणणारी गोळी मात्र ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून आणू नका, पीटीएसडीवर तिचा उपयोग नाही आणि सवय लागते ती वेगळीच.

आम्ही एक्सपोजर घेतलं, कारण जवळ ते शिकलेली थेरपिस्ट मिळाली, बास. तुम्हीपण पद्धतीवरून डोकं फोडण्यापेक्षा आधी विचारा, मॅडम याचं ट्रेनिंग कुठं घेतलंय आणि असे किती पेशंट केलेत. कोणीच सापडत नसेल तर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन लावा, फुकट आहे.